दुधाक पण, मटनाक पण

भांडुपला राहायला आलो त्याच आठवड्यात मी शेजारच्या चाळीतल्या एका काळ्याभोर शेळीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या मालकाला विचारलं, "किलोला काय पडेल?" रविवार होता आणि हातात पिशवी होती, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

मालकांनी माझा हात उचलून बाजूला केला. मी हात लावला होता तेवढी जागा पंचाने पुसली. "ही विकूक नाय, सायब. हिच्यार घर चालता." मग बोर्डात आलेल्या मुलाची ओळख करून द्यावी तसे म्हणाले, "उस्मानाबादी. दुधाक पण, मटनाक पण."

तुम्ही आमच्या गल्लीत असतात तर हे वाक्य तुमच्याही वाट्याला आलं असतं. पोस्टमनही त्यातून सुटला नव्हता. गृहस्थ मूळचे मालवणकडचे. कामाला होते ती गिरणी बंद पडली तेव्हा घाटावरच्या एका जोडीदाराने त्यांना ही शेळी दिली. चाळीतली तान्ही पोरं तिच्या दुधावर वाढली, आणि करडं विकून घरात धान्य येत गेलं.

एका वेतातले जुळे बोकड मात्र त्यांनी विकले नाहीत. मुलीचं लग्न ठरलं होतं. घाटकोपरचे व्याही बैठकीत म्हणाले, "दुसऱ्या दिवशीचं मटणाचं जेवण आम्ही बघू. तुमची गिरणी बंद." चांगल्या मनानेच म्हणाले, पण यांना ते लागलं.

"ता जेवान माझ्या दारात होतला. माझ्या बोकडांचा."

तेव्हापासून बोकडांचं नाव पैलवान. त्यांना आंघोळ, टेकडीवरचा कोवळा पाला. "चला पैलवान" म्हटलं की दोघे दोरीशिवाय मागोमाग निघत. मालकांची बायको म्हणे, "सासराक पोरगी जाताहा, की ह्ये दोघे?"

जेवण झालं, आणि झकास झालं. चाळीसमोर पंगत, इस्त्रीच्या शर्टात हे स्वतः वाढायला. व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "कुठल्या दुकानातलं हो?"

"दुकान खंयचा? घरचा."

व्याह्यांचा उजवा हात रश्शात होता. त्यांनी डाव्या हाताने यांचा हात धरला. "मानलं तुम्हाला."

सगळी पंगत पुढच्या वाक्याची वाट बघत होती. छाती काढून ते म्हणाले, "दुधाक पण..." आणि बादली घेऊन आत गेले. बादली अर्धी भरलेली होती. पण मी नळीतल्या मगजात गुंतलो होतो.

गिरणी काही उघडली नाही. दोन वर्षांनी ते शेळीसकट गावी गेले. टेम्पो वळला तेव्हा मी आमच्या हिला म्हटलं, "तसं मटण पुन्हा खाल्लं नाही गं."

ही म्हणाली, "तुम्ही तिसऱ्यांदा रस्सा मागत होतात ना, तेव्हा ते मागच्या दारात दूधभात खात बसले होते. मला म्हणाले, 'वैनी, सायबांका सांगू नकात. पोटभर जेवांदेत.'"