न दुखणारं रक्त

“पाइल्स आहेत, ते मला दिसताहेत,” डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. “पण रक्त फक्त त्यांचंच आहे, असं मी आज तुम्हाला सांगू शकत नाही.”

मी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन आडवी होते. इथे लंडनमध्ये दवाखान्याला सर्जरी म्हणतात, आणि अशा तपासणीच्या वेळी सोबतीला एक बाई उभी करतात, तिला शॅपरोन म्हणतात. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. हात कळत होता, बाकी काही वाटत नव्हतं. मी कपडे नीट केले, खुर्चीत येऊन बसले आणि दुसऱ्या कोणाची माहिती द्यावी तशी उत्तरं देत गेले. रक्त केव्हापासून? वर्ष झालं असेल. दुखतं? नाही. काही औषध? मी पर्समधून ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

ही ट्यूब माझी वहिनी नागपूरहून पाठवायची. आम्ही हाउन्सलोला राहतो, विमानतळाच्या अगदी जवळ, त्यामुळे ओळखीपाळखीचं कोणीही आलं की पहिला मुक्काम आमच्याकडे. निघण्याआधी प्रत्येकजण विचारतो, काय आणू? बायका मेतकूट मागवतात, पापड मागवतात. मी ट्यूब मागवायची. वहिनी ती चिवड्याच्या पिशवीत खोल दडवून द्यायची, म्हणजे आणणाऱ्यालाही पत्ता नाही. तिकडे केमिस्ट डॉक्टरचा कागद मागत नाही, इकडे मला कोणी प्रश्न विचारत नाही. सोय उत्तम होती.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी आपल्याकडे म्हण आहे. मला जावई नाही आणि डॉक्टर परका, तरी मी वर्षभर गेले नाही. रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये आमची बुद्धवंदना होते, सगळे खाली मांडी घालून बसतात. मांडी घातली की खाज सुटायची, शिवाय डाग पडायची भीती, म्हणून मी मागे चहाच्या टेबलाशी उभी राहायचे. “बस ना गं, किती कामं करशील,” असं कोणी म्हणालं की गुडघ्यावर ढकलायचे. शेवटी गुडघ्यासाठी तेल यायला लागलं!

डॉक्टरांनी ट्यूब उलटसुलट करून वाचली. तिच्यात दोन औषधं होती. एक लोकल अॅनस्थेटिक, म्हणजे तेवढी जागा बधिर करणारं. दुसरं स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि खाज उतरवणारं. “हे सात दिवस लावायचं असतं,” ते म्हणाले. “तुम्ही वर्षभर लावलंय. तिथली कातडी पातळ झाली आहे.”

“पण दुखत नव्हतं,” मी म्हणाले.

“आतले पाइल्स सहसा दुखत नाहीतच. आतड्यातली गाठही सुरुवातीला दुखत नाही. म्हणून तर बघावं लागतं.” मग त्यांनी विचारलं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का?

माझ्या बाबांना होता. ते उष्णता म्हणायचे. आई सुरणाची भाजी करायची, ताक द्यायची, कोणीतरी सांगितलेली मुळी उगाळून द्यायची. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की बाबांना मूळव्याध आहे, आणि एवढं ठाऊक असल्यामुळे कोणी तपासलंच नाही. तपासलं तेव्हा उशीर झाला होता. हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं आणि माझा आवाज जराही हलला नाही. डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या आत हॉस्पिटलमध्ये नंबर लागेल असं पत्र पाठवलं.

तोवर त्यांनी दिलेले उपाय सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला तरी ते लागणार आहेत. ट्यूब बंद. ती जागा कोरडी, स्वच्छ ठेवायची, साबण लावायचा नाही, खाज फारच आली तर साधं मलम. इस्पगुला हस्कची पाकिटं मिळाली, संत्र्याच्या चवीची. घरी येऊन पाण्यात ढवळली तर आपलं इसबगोल! त्याच्यावर पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर उलटंच होतं. संडासात जोर करायचा नाही आणि वाचत बसायचं नाही. पायाखाली छोटं स्टूल घ्यायचं, म्हणजे उकिडवं बसल्यासारखं होतं. दुखलं तर पॅरासिटामॉल चालते, पण कोडीन असलेली गोळी नको, तिने पोट घट्ट होतं. आणि कोमट पाण्यात बसायचं. मी त्यासाठी भांडी धुण्याचा नवा प्लॅस्टिकचा टब आणला आणि बाथरूमच्या कपाटात लपवला. नवऱ्याने विचारलं तर हातानं धुवायच्या कपड्यांसाठी आहे म्हणाले.

त्रास कमी झाला. रक्त मात्र अधूनमधून दिसत राहिलं. मी रोज कामाला जात होते, डबा करत होते, मुलीच्या शाळेच्या मीटिंगला गेले. रडू येईल अशी वाट पाहत होते, ते आलं नाही.

हॉस्पिटलला मी एकटी गेले. घरी दाताच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. वेटिंग रूममध्ये सगळी जोडपी होती. एक म्हातारी गोरी बाई नवऱ्याच्या कोटाची बटणं लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. आधी एनिमा दिला, मग फ्लेक्सिबल सिग्मॉइडोस्कोपी केली, म्हणजे कॅमेरा असलेली बारीक लवचिक नळी घालून आतड्याचा खालचा भाग पाहतात. पोटात वारा भरल्यासारखं होतं, कळ येते, पण सहन होतं. पडद्यावर माझं आतडं दिसत होतं, गुलाबी आणि ओलं. मी ते टीव्ही पाहावा तसं पाहिलं.

“आत काही नाही,” कन्सल्टंट बाई म्हणाल्या. “रक्त पाइल्सचंच.” त्यांनी तिथेच रबर बँड लायगेशन केलं. पाइलच्या मुळाशी छोटं रबर बसवतात, रक्त पोचणं बंद होतं आणि काही दिवसांत तो गळून पडतो. पुढचे दोन दिवस जड ठणका होता. सुटले, असं वाटायला हवं होतं. बाहेर पडून मी बसस्टॉपवर उभी राहिले आणि डब्यातला पराठा खाल्ला.

निघताना बाई म्हणाल्या होत्या, “तुमच्या भावंडांना सांगा. रक्त दिसलं तर अंदाज बांधत बसू नका, म्हणावं.” माझा भाऊ एकच, दादा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन केला.

“काऊन गं? आज मधल्या वारी?” त्याने विचारलं, कारण एरवी आमचा फोन रविवारीच व्हायचा.

ज्या गोष्टीचं नाव मी घरात घेतलं नव्हतं, ती सगळी त्याला सांगितली. लाइन तुटली असं वाटून मी दादा, दादा म्हणत राहिले.

“मला पण जाते रक्त,” तो म्हणाला. “तीन वर्षं झाले. बाबाची आठवण येते म्हणून कोणाला दाखवत नाही.”

मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले, ऑफिसातली माणसं बाजूने वर-खाली जात होती तरी. दादा तिकडून “अगं, अगं” करत होता. मी त्याला शिव्या दिल्या, बाबांनाही दिल्या. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उठून माझ्या नागपूरच्या तिकिटाचं पाहायला लागला.

हे लिहिते आहे तेव्हा दादाची तपासणी व्हायची आहे. परवा मी नागपूरला पोचेन, त्याच्याबरोबर जाईन आणि दाराबाहेर बसेन. मला फार भीती वाटते आहे.