‘कधीपर्यंत?’ विचारणाऱ्या रजनीताई

रजनीताईंची आणि माझी पहिली भेट फ्रँकफर्टमधल्या एका प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात झाली. पहिलीतल्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसून मी नवऱ्याशी फोनवर भांडत होते आणि रडतही होते. फोन ठेवला तर समोर एक बाई उभ्या. करडा कोट, खांद्याला भली मोठी पिशवी आणि चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त काळजी. “काहून रडून राहिली गं? मराठी ना तू?” परक्या मुलखातल्या परक्या शाळेत नागपूरकडचं ते ‘काहून’ ऐकलं आणि मी आणखीच रडायला लागले.

रडण्याचं कारण सांगायला हवं. माझ्या मुलीला, इराला, पाठीच्या कण्याचा जन्मजात आजार आहे. ती पायांना पट्टे बांधून चालते, अखंड बोलते आणि गणितात बापाचे कान कापते. पण तिला लघवी आपोआप होत नाही. दर काही तासांनी बारीक नळी घालून ती काढावी लागते. घरी ते मी करायचे. शाळेत कोणी करायचं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. आरोग्य विम्याची संस्था, म्हणजे इथली क्रांकनकासे, म्हणत होती की मुलांना शाळेच्या स्वच्छतागृहात मदत करणं हे समाजकल्याण खात्याचं काम. समाजकल्याण खातं म्हणत होतं की नळी म्हणजे उपचार, तो विम्याने करावा. दोघांचीही पत्रं अतिशय नम्र असायची. त्यांच्या टोलवाटोलवीत मी रोज शहराबाहेरच्या एश्बॉर्नमधल्या ऑफिसातून निघून, एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडून, मधल्या सुट्टीच्या आत शाळेत पोचत होते. साहेबांनी ‘असं किती दिवस?’ विचारून झालं होतं. आमचा इथे राहण्याचा परवाना माझ्या नोकरीला बांधलेला. आणि त्या दिवशी मुख्याध्यापकांनी दिव्यांग मुलांसाठीच्या लांबच्या एका वेगळ्या शाळेचं माहितीपत्रक माझ्या हातात ठेवलं होतं. इराच्या सगळ्या मैत्रिणी या शाळेत होत्या. तिला तिथेच राहता येईल की नाही, एवढाच प्रश्न होता, पण त्या एका प्रश्नाने माझी झोप उडवली होती.

रजनीताई एका फ्लेगेडीन्स्टमध्ये, म्हणजे घरोघरी आणि शाळांतही नर्स पाठवणाऱ्या संस्थेत, बिलिंगच्या प्रमुख आहेत. बिलिंगवाल्या बाईंचं शाळेत काय काम, असं मी नंतर विचारलं. त्यांची एक नर्स त्या शाळेतल्या दुसऱ्या एका मुलाकडे येत असे. शाळेने त्यासाठी दिलेल्या खोलीच्या दाराला कडीच नव्हती. नर्स एका हाताने दार धरून उभी राहते, हे ऐकल्यावर ताई स्वतः बघायला आल्या होत्या. मुख्याध्यापकांना त्यांनी स्पष्ट सांगितलं की ज्या खोलीत मुलाला लाज झाकता येत नाही, तिथल्या सेवेचं बिल त्या विम्याकडे पाठवणार नाहीत, आणि का पाठवलं नाही तेही विम्याला कळवतील. कडी त्याच आठवड्यात बसली. मुख्याध्यापक अजूनही ताई दिसल्या की आधी दाराकडे बघतात.

आमची गाठ पडल्यावर ताईंनी अर्ज नीट करून दिला. डॉक्टरांकडून शाळेच्या वेळेची स्वतंत्र चिठ्ठी आणवली आणि ‘मदत’ हा मोघम शब्द काढून नेमका उपचार लिहायला लावला. मग विम्याच्या वतीने एक तज्ज्ञ बाई इराला बघायला घरी येणार असं कळलं. त्या दिवशी ताई नागपूरला होत्या, आणि इथे आम्ही जी माती खाल्ली ती फक्त आपली माणसंच खाऊ शकतात.

घरात पुण्याहून आलेल्या सासूबाई होत्या. घरी कोणी येणार म्हटल्यावर त्यांनी चकल्या तळल्या, मी फरशी पुसून काढली, आणि इराला नवा फ्रॉक घातला. तज्ज्ञ बाई बसल्या न बसल्या तोच सासूबाई म्हणाल्या, “इरा, दाखव ना मावशींना कसं चालतेस!” इरा पट्ट्यांशिवाय दोन फेऱ्या चालली. मग जर्मन कविता म्हटली. मग आपली उपचाराची पेटी आणून एकेक वस्तू ओळीने मांडून दाखवली. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या, चकली खाल्ली, ‘टोल, टोल’, म्हणजे ‘छान, छान’, म्हणाल्या. त्या गेल्यावर सासूबाईंनी इराची दृष्ट काढली. महिन्याभरात पत्र आलं: मुलगी आपलं आपण करू शकते, शाळेत नर्सची गरज नाही.

ताई परत आल्यावर त्यांनी ते पत्र उभ्याउभ्याच वाचलं. “माय वो,” त्या म्हणाल्या, “पोरगी बघायला आले होते काय? पाहुणी समजून राहिले तुम्ही तिला! आल्झो, मला सांग, पोरगी पेटी मांडते म्हणून नळी कोण घालते? तुझी सासू शाळेत जाते?” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, पण लेकरात काय काय कमी आहे ते परक्या माणसाला कसं हो सांगायचं?” ताईंनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, “गेनाऊ, आई. अगदी बरोबर. तेच तर अवघड आहे.” आणि तिथेच टेबलाशी बसून त्यांनी विडरश्प्रुख, म्हणजे हरकतीचा अर्ज, लिहायला घेतला.

मधल्या काळात व्हायचं तेच झालं. एके दिवशी गाडी रखडली, मी शाळेत उशिरा पोचले. तसं पुन्हा एकदा झालं. मग इराला जंतुसंसर्ग होऊन सडकून ताप आला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मूत्रपिंडाबद्दल काहीतरी बोलत होते आणि मला त्यांचं जर्मन ऐकू येत होतं पण समजत नव्हतं. संध्याकाळी ताई पिठलं-भाताचा डबा घेऊन आल्या. “खा. तू पडलीस तर सही कोण करेल?” एवढंच बोलल्या आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या. मी एकदा त्यांच्या हाताकडे बघितलं. पिशवीचा बंद त्या सारख्या पिळत होत्या. तोवर मला वाटायचं, एवढ्या खमक्या बाईला कसली भीती. त्यांना भीती माझ्याएवढीच वाटते, हे त्या दिवशी कळलं, आणि का कोण जाणे, मला धीर आला.

हरकतीनंतर तज्ज्ञ बाई पुन्हा आल्या. या वेळी ताई हजर होत्या. चकल्यांचा डबा त्यांनी सासूबाईंच्या हातून काढून कपाटात ठेवला होता आणि कोणीही कौतुकाचं एक अक्षर काढायचं नाही अशी तंबी दिली होती. बाई येण्याआधी त्यांनी इराला जवळ बसवलं. “आज त्या विचारतील तुला काय जमत नाही ते. जे खरं आहे ते सगळं सांगायचं. लाजायचं नाही.” इरा मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. तिने विचारलं, “उन्ट वास इख कान?” आणि मला जे येतं त्याचं काय? ताई म्हणाल्या, “ते आज त्या विचारणार नाहीत. ते मी विचारीन. त्या गेल्यावर.”

मग माझी मुलगी त्या अनोळखी बाईंसमोर तिला न जमणाऱ्या गोष्टी एकेक करून सांगू लागली. आतलं दिसत नाही. हात पोचत नाही. घाई झाली की नळी खाली पडते. पडलेली नळी एकदा तशीच वापरली होती. हे शेवटचं मलाही माहीत नव्हतं. सासूबाई पदराचं टोक तोंडात धरून बसल्या होत्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

बाईंच्या मागे दार लागलं. मी उठणार तोच ताई सोफ्यावर सरसावून बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “हं, आता सांग. काय काय येतं तुला?” इराने सुरुवात केली. गुणाकार, पोहणं, शिट्टी वाजवणं, आजीच्या फोनचं कुलूप उघडणं, वर्गातल्या सगळ्या मुलांच्या कुत्र्यांची नावं. ती बोलत राहिली आणि ताई प्रत्येक गोष्टीवर “असं?” म्हणत राहिल्या. सासूबाईंनी कपाटातून चकल्या काढल्या. मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडून आले. पुढे ताईंच्या हाताखाली इतर पालकांचे अर्ज लिहायला लागल्यावर मला कळलं की ही त्यांची रीतच आहे. कमी ते मोजायला आलेला माणूस गेला की असलेलं ऐकून घेतल्याशिवाय त्या कोणाच्याच घरातून उठत नाहीत.

त्यांच्याकडून शिकलेली आणखी एक गोष्ट. एका मुलाच्या अर्जात मी तळमळीने लिहिलं होतं की तो सर्वस्वी परावलंबी आहे, त्याचं जिणं असह्य आहे. ताईंनी ते खोडलं. “खरं लिही, पण कमी लिही. मोठा झाल्यावर फाईल मागवेल तो, वाचेल. तेव्हा आपण नसू समजवायला.”

इराची मंजुरी आली ती बातमी मी त्यांना फोनवर ओरडूनच सांगितली. पलीकडून शांत आवाज आला: “बिस वान?” कधीपर्यंत? मी पत्र नीट बघितलं. शाळेचं वर्ष संपेपर्यंत. “मग पुढचा अर्ज आताच काढू,” ताई म्हणाल्या. मला तेव्हा राग आला होता. निदान एक संध्याकाळ आनंदात घालवू द्यावी की! पण तेव्हापासून दर वर्षी नर्स वेळेवर येते, मी पूर्ण दिवस ऑफिसात बसते आणि इरा आपल्या मैत्रिणींत आहे, ते त्या एका प्रश्नामुळे. लग्न ठरल्याचं सांगा, नवी नोकरी लागल्याचं सांगा, ताईंचा पहिला प्रश्न तोच असतो. लग्नाला हा प्रश्न विचारू नये, असं मी त्यांना सुचवून पाहिलं आहे.

आज हे लिहिताना मी स्वस्थ नाही. इरा प्राथमिक शाळा संपवून मोठ्या शाळेत जाणार आहे. नवी शाळा, नवी खोली, नवा अर्ज. उत्तर अजून आलेलं नाही. मी दिवसातून दोनदा टपालपेटी उघडून बघते. त्यातच ताई साठ वर्षांच्या होत आहेत, डॉक्टरांनी त्यांना काम कमी करायला सांगितलं आहे, आणि आम्हा सगळ्या पालकांच्या मनात जे आहे ते कोणी बोलत नाही: यानंतर आमचं कसं व्हायचं? साठीच्या गौरवग्रंथात असं स्वार्थी बोलू नये हे मला कळतं. पण ताई, खरं लिही असं तुम्हीच शिकवलंत.

तुम्हाला उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो म्हणावं, तर तुम्ही लगेच विचाराल, कधीपर्यंत? मला उत्तर सुचेना, म्हणून शुभेच्छापत्र इराकडे लिहायला दिलं. इथे आलेले आपण सगळे आपल्या परवान्यावर जो शब्द उमटायची वर्षानुवर्षं वाट बघतो, ज्याचा अर्थ ‘मुदत नाही, कायमचा’, तोच एक शब्द तिने मोठ्या अक्षरांत लिहिला आहे: उनबेफ्रिस्टेट. आणि सांगितलं आहे की यावर हरकत घेता येणार नाही.