मिसरीला दिलेली मुदत

पारोळ्याच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. मी अर्जनवीस. शाळेतील शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढील शिक्षण या टेबलाने दिले, आणि ते कोणत्याही महाविद्यालयापेक्षा कमी नाही असे माझे स्पष्ट मत आहे. सातबाऱ्यावरील नाव, रेशनकार्ड, निराधार योजना, शेतरस्त्याची तक्रार असे विषय घेऊन लोक येतात. ते बोलतात आणि मी त्यांचे बोलणे सरकारी मराठीत बसवतो. माझ्या अर्जात कारकुनाला त्रुटी काढता येत नाही, ही ख्याती मी मेहनतीने मिळवली आहे. गावी मला वकीलभाऊ म्हणतात. मी ते कधी नाकारले नाही.

माझी एक पद्धत आहे. लिहून झाले की मी संपूर्ण अर्ज मोठ्याने वाचून दाखवतो आणि विचारतो, "कबूल?" समोरचा माणूस स्वतःच्या तोंडाने "कबूल" म्हणाल्याशिवाय मी त्याची सही किंवा अंगठा घेत नाही. त्या पद्धतीमुळेच पुढील सर्व प्रकार घडला.

आयुष्यभर मी खालच्या बाजूने लिहीत आलो. विनंती, कृपा व्हावी, गरिबावर दया व्हावी. मागणाऱ्याची भाषा माझ्या हातात इतकी मुरली होती की घरी चहा मागतानाही ती तोंडात यायची. अशात एके दिवशी आमच्या गावचे सरपंच नाना आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम माझ्या टेबलाशी आले. मॅडम धुळ्याच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या.

नाना म्हणाले, "भाऊ, आज अर्ज नाही. कायदा लिहायचाय."

मी पेन खाली ठेवले. मला वाटले, नाना माझी फिरकी घेत आहेत.

मॅडमनी समजावून सांगितले. गावातील आरोग्याची कामे सरकारी निधीतून चालतात: उपकेंद्र, लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंचे मानधन. ज्या कामाला जनतेचा पैसा लागतो त्या कामात तंबाखू नको, असे धोरण आहे. आणि प्रत्येक गावाने आपले स्वतःचे नियम ग्रामसभेत मंजूर करून घ्यावेत, असे ठरले आहे. त्यांच्याजवळ छापील नमुना होता.

"पण हा असाच वाचला तर अर्धी सभा झोपेल," त्या म्हणाल्या. "लोकांना कळेल असं लिहून द्या. तुमचं नाव ऐकून आलोय."

ज्या हाताने जन्मभर "मिळावे" लिहिले, त्या हाताला आता "मनाई करण्यात येत आहे" असे लिहावयाचे होते. ती दोघे जाताच मी कोरा कागद सरळ केला, खिशातून चंची काढली, तळहातावर तंबाखू आणि चुना मळला, चिमूट गालात ठेवली आणि लिहावयास सुरुवात केली. माझ्या शेजारी टंकलेखक चाचा बसतात. त्यांनी यंत्र थांबवले, वाकून कागदाचा मथळा वाचला आणि माझ्या गालाकडे पाहिले.

"मियाँ, पहले थूक के आओ," ते म्हणाले, "फिर बंदी लिखो."

"चाचा, हे धोरणाचे काम आहे. डोके चालायला हवे."

"डोके चलने दो. गाल क्यूँ चल रहा है?"

मी लक्ष दिले नाही. मजकूर आपोआप येत होता. अर्जाला एक फट राहिली की कारकून त्या फटीतून अर्ज परत फेकतो. म्हणून फट ठेवावयाची नाही, हा माझा शिरस्ता. उपकेंद्राच्या आणि शाळेच्या आवारात खाण्यास, ओढण्यास, थुंकण्यास मनाई. लसीकरणाच्या ठिकाणी मनाई, मग तो मंदिराचा ओटा असो की कोणाचे अंगण. तंबाखू विकणाऱ्याच्या दुकानाचे नाव असलेला मंडप किंवा पाण्याचा जार आरोग्याच्या कार्यक्रमात घेण्यास मनाई. नंतर प्रकार लिहिले: बिडी, सिगारेट, गुटखा, मळलेली तंबाखू, आणि भाजून कुटून दातांना लावावयाची मिसरी. हे वाचून मला आनंद झाला, कारण आता कोणीही निसटू शकत नव्हते. तरीही शेवट मऊ वाटला. शिक्षा नसलेल्या नियमाला वजन नसते. म्हणून मी अखेरचे कलम स्वतःच्या मनाने घातले: या कार्यक्रमात मानधन घेणारी व्यक्ती तंबाखूचे कोणत्याही रूपात सेवन करीत असल्यास तिला कामावरून कमी करण्यात येईल.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, मध्ये टेबल. नानांनी मला उभे केले. त्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी प्रत्येक कलम वाचत होतो आणि माझ्या पद्धतीप्रमाणे विचारत होतो, "कबूल?" बिडीला सर्व बायांनी "कबूल" म्हटले, पुरुष जरा उशिरा म्हणाले. गुटख्याला पुन्हा बायांचाच आवाज मोठा. मंडपाच्या कलमाला नाना स्वतः म्हणाले, "कबूल, आपल्या पैशानं मांडव घालू." सभा अशी एका सुरात चालली होती की मला वाटले, मंत्रिमंडळात यापेक्षा निराळे काय होत असेल.

मग मी मिसरी वाचली, आणि त्याला जोडूनच अखेरचे कलम वाचले. "कबूल?"

बायांकडचा आवाज बंद पडला. आमच्या भागात मिसरीला कोणी तंबाखू मानीत नाही. सकाळी तव्यावर पाने काळी होईपर्यंत भाजण्याचा तो उग्र वास घरोघरी असतो. बाई अंगणात बसते, बोटाने दातांवर फिरवते, शेजारणीशी बोलते. नवरे बिडी ओढतात म्हणून भांडणाऱ्या बायाही मिसरी लावतच भांडतात. पुढे बसलेली एक म्हातारी शेवटी म्हणाली, "मिसरी काय तंबाखू शे का? ती ते दात घासानी शे."

बायांत हसू पसरले. सगळ्यांना सुटल्यासारखे झाले. आणि तेवढ्यात भिंतीजवळून एक आवाज आला.

"कबूल."

ती आमची आशाताई. माझ्या घरामागे राहते, वयाने माझ्याहून थोडी मोठी, सगळा गाव तिला अक्का म्हणतो. नवरा गेल्यावर त्या कामावर तिचे घर उभे राहिले. कोणत्या घरात बाई गरोदर आहे, कोणाच्या बाळाची लस चुकली, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नाही. ती उभी राहिली आणि पदर सावरून म्हणाली, "भाऊनं लिखेल शे ते खरं शे. मिसरी तंबाखूच शे. आनि मी लावस. रोज सकायले लावस."

आता हसू थांबले. पटांगणात प्रत्येकाला कळले की माझ्या शेवटच्या ओळीने नेमके कोणाचे काम जाणार आहे.

नाना घाईने म्हणाले, "भाऊ, मिसरी खोडा. एवढा एक शब्द खोडा, बाकी सगळं मंजूर."

मी पेन उघडले. खरे सांगतो, माझा हात पुढे गेला होता.

"खोडू नका," अक्का म्हणाली. "मिसरी काढी टाकी तं मी पोरीसले काय सांगू? पोटुशी पोरी लावतीस. मी सांगस, लावू नको. त्या म्हनतीस, अक्का, तूच लावस. आते कागदमा बी नही राहिलं, तं माले कोन ऐकी?"

"अगं, पण तुझंच काम जातंय," नाना म्हणाले.

"ते माले समजस, नाना."

डॉक्टर मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, कामावरून कमी करा असं आमच्या नमुन्यात नव्हतं. आधी सोडायला मदत करायची, असं होतं. हे तुम्ही कुठून आणलं?"

"मजबुतीसाठी," मी म्हणालो.

मॅडम हळू बोलल्या होत्या. माझे उत्तर मात्र सर्वांना ऐकू गेले. पुरुषांकडून एक म्हातारे आबा उठले. त्यांची बिडी थोड्या वेळापूर्वीच माझ्या कलमाने गेली होती.

"वकीलभाऊ," ते म्हणाले, "बठ्ठं गाव मजबूत करं तुम्ही. पन तुमना गालमा काय शे?"

पटांगण असे हसले की झाडावरची पाखरे उडाली. गालात चिमूट होती हे मी विसरलो होतो. ती तेथे असते, जसा खिशात रुमाल असतो. शाळेच्या आवारात थुंकण्यास मी स्वतः मनाई केलेली. म्हणून मला सर्वांसमक्ष फाटकापर्यंत चालत जावे लागले, बाहेर नाल्यापाशी तोंड मोकळे करावे लागले आणि परत यावे लागले. बाया पदराआड हसत होत्या. हसली नाही ती फक्त अक्का. ती अजून उभीच होती.

परत येताना, त्या फाटकापासून टेबलापर्यंतच्या चालण्यात, मला सुचले. माझ्या टेबलावर सर्वांत जास्त कोणता अर्ज लिहिला जातो? मुदतीचा. कागद जुळले नाहीत, साक्षीदार आला नाही, सून बाळंत झाली; माणूस येतो आणि म्हणतो, भाऊ, मुदत मागून द्या. गुन्हेगाराला मुदत मिळते, शेजाऱ्याच्या शेताचा बांध कोरणाऱ्याला मिळते. मग मिसरी लावणाऱ्या बाईलाच ती का नसावी? माझ्या कलमात दोष होता असे मी आजही मानीत नाही. त्याला फक्त एक दार हवे होते.

मी उभ्या उभ्या लिहू लागलो. तोंड रिकामे असताना लिहिलेला तो माझा पहिला मजकूर. सभा माझ्या पेनाकडे पाहत होती. लिहून झाल्यावर मी वाचले:

"मानधनावर काम करणाऱ्या व्यक्तीस तंबाखू सोडण्यासाठी मुदत मिळेल. ती तिने सभेत उभे राहून मागावी. मुदतीच्या काळात आरोग्य केंद्राने तिला सोडण्यास मदत करावी. मदत दिल्याशिवाय कोणासही कामावरून कमी करता येणार नाही. मुदत वाढवून मागता येईल. मात्र खोटे सांगून कामावर राहता येणार नाही. कबूल?"

मॅडम आधी म्हणाल्या. मग नाना. मग बाया, एकदम, मघापेक्षा मोठ्याने. आबांनी विचारले की मानधन नसलेल्यांनाही मुदत आहे का, कारण त्यांना बिडीसाठी हवी आहे. मी "गावातील इतर इच्छुक व्यक्तींसही" हे शब्द जोडले.

अक्का म्हणाली, "माले मुदत द्या." पहिली मुदत तिला मिळाली. तिच्यामागून तरुण बाया उठल्या, एकमेकींना ढकलत, हसत. आणि मग आबा माझ्याकडे पाहत राहिले. पाहतच राहिले. मी चंची टेबलावर ठेवली आणि माझी मुदत मागितली. सदऱ्याच्या इस्त्रीचे त्या दिवशी सार्थक झाले असे मला वाटले.

पुढचे दिवस मी असे जगलो की जणू निवडणुकीचा निकाल लागावयाचा आहे. सकाळी उठलो की मागच्या दाराशी उभा राहून वास घ्यावयाचा: अक्काच्या अंगणातून भाजल्या तंबाखूचा वास येतो की नाही? काही दिवस आला नाही. मग एका सकाळी आला. दुपारी तिने स्वतःच सांगितले, "लायी भाऊ आज. पोट साफ होत नव्हतं." पुढच्या सभेत तिने हेच सर्वांसमोर सांगितले. बाया खळखळून हसल्या, कारण प्रत्येकीला ते कारण घरचे होते. मॅडमनी सकाळी कोमट पाणी प्यायला सांगितले, बोटाला सवय आहे म्हणून बोटात धरायला ब्रश दिला, आणि तलफ आली की कोणाच्या तरी घरी गृहभेटीला निघून जा, असे सुचवले. सभेने मुदत वाढवली. त्या काळात गावातल्या घरांना इतक्या गृहभेटी मिळाल्या की एका सुनेने तक्रार केली, "अक्का, कालच तं येल होती तू."

"तलफ आज आयी," अक्का म्हणाली आणि तिच्या बाळाचे वजन करू लागली.

तिसऱ्या सभेला मात्र ती आली नाही. ती मिसरी लपवीत असेल तर माझेच कलम तिला लागू होणार होते, आणि ते लिहिताना मी फट ठेवली नव्हती. नाना म्हणाले, धुळ्याला एका बाळंतिणीबरोबर गेली आहे, येईल. मला ते पुरेसे वाटले नाही.

बाजाराच्या दिवशी ती पारोळ्याला थेट माझ्या टेबलाशी आली. पिशवीत मेथीची जुडी, कपाळावर घाम. चाचांनी तिला स्वतःची खुर्ची दिली. मी काही न विचारता कागद घेतला आणि सवयीने विषय लिहिला: मुदतवाढ मिळणेबाबत.

तिला वाचता येते. तिने त्या ओळीवर बोट ठेवले. ते मिसरीने काळे पडलेले बोट आता नखापाशी जरासे उजळले होते.

"हाई खोडा, भाऊ. आते मुदत नको."

"मग विषय काय लिहू?"

"लिखा, सोडी दिनी."

मी विषय खोडला. असा अर्ज मी कधी लिहिला नव्हता. त्यात काही मागावयाचेच नव्हते. विनंती नाही, कृपा नाही. दोन ओळींत संपला. मी तो वाचून दाखवला, इतक्या मोठ्याने की मुद्रांकाच्या रांगेतील माणसे वळून पाहू लागली. "कबूल?"

"कबूल," अक्का म्हणाली. मग तिची नजर माझ्या गालावर आली. "आनि तुमना अर्ज?"

चाचांनी यंत्रावरचे हात उचलले. "बाई, इनका अभी मुदत में है."

मी उठलो, कुंपणापलीकडे जाऊन तोंड मोकळे केले, परत आलो आणि नवा कागद सरळ केला. विषयाच्या जागी मी लिहिले: मुदतवाढ मिळणेबाबत, शेवटची. मग तो अक्काला वाचून दाखवला. तिने कागद माझ्याकडे परत सरकवला.

"सभामा उभं राहीसन वाचा," ती म्हणाली, आणि मेथीची पिशवी उचलून बसकडे चालू लागली.