बंद टीव्हीसमोर

माणगावच्या बाजारात एक रिपेअरवाला आहे. गिऱ्हाइकाकडे तो बघतच नाही. हात सर्किट बोर्डावर, डोळे टीव्हीवरच्या मॅचवर. दुरुस्तीनंतर बोर्डावरच्या कपॅसिटरवर, त्या छोट्या नळकांड्यावर, अंगठा टेकवतो. चटका बसला की पुन्हा खोलतो.

बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं तेव्हा मी ते घेऊन त्याच्याकडेच धावलो. त्याच्या पॉवर सप्लायचा कपॅसिटर फुगला होता.

"माझ्याकडं साधा हाय. आकडा तोच, पन आतून करंट अडवतो, तापतो. पुन्ना फुगंल. कमी अडवनारा मुंबईहून यायचाय."

मग ऐन शेवटच्या ओव्हरला त्याने स्वतःचा टीव्ही बंद केला, उघडला, त्यातला कपॅसिटर मशीनला लावला आणि बराच वेळ अंगठा ठेवून बसला.

मशीन चालू आहे. मुंबईचं पार्सल अजून आलेलं नाही. मी दुकानावरून गेलो की तो मान वर न करता विचारतो, "स्कोर काय झाला?"