साडभाऊंचा जीव चालीत

माझ्या साडभाऊंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, आजवर एकाही माणसाचे तोंड धड पाहिलेले नाही असे माझे ठाम मत आहे. ते मेंदूचे डॉक्टर, पण नजर कायम समोरच्याच्या पायांत. वर्ध्याच्या बसस्टँडवर त्यांच्यासोबत उभे राहणे म्हणजे फजितीच. समुद्रपूरची गाडी लागते, माणसे उतरतात आणि हे डोळे अर्धवट मिटून, दूरवरचे भजन ऐकावे तसे, त्या चालींत बुडून जातात. एकदा "त्याचा उजवा हात हलूनच नाई राह्यला," असे पुटपुटत ते एका अनोळखी गृहस्थामागे निघाले आणि आमची गाडी आमच्यावाचून गेली.

"कंपवात एकच नसते, साडभाऊ. भावंडं असतात त्याची. दिसाले सारखी, चालीनं वेगळी," असे म्हणत ते प्रत्येक चाल करून दाखवतात. एक पुढे झुकून तुरुतुरु, दुसरी पाय फाकून जमिनीला चिकटल्यासारखी, तिसरी ताठ मानेची आणि मागे पडणारी. मेहुणी स्वयंपाकघरातून विचारते, "आता जेवाले यातला कोणता पेशंट येऊन राह्यला?"

माझा दादा पवनारला भाजी पिकवतो आणि सायकलवर वर्ध्याला नेऊन विकायचा. त्याची पावले अडखळू लागली. कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्या, पण गुण येईना. शेवटी एका रविवारी साडभाऊ शेतावर आले. धाम नदीवरून मंद वारा येत होता, कोथिंबिरीचा वास सुटला होता. त्यांनी दादाला पालकाच्या वाफ्यांमधल्या अरुंद बांधावरून चालायला सांगितले. दादा पाय फाकून निघाला आणि सारखा बाजूच्या चिखलात उतरू लागला.

"दादा, सायकल कवापासून सोडली?"

"म्या कुठं सोडली? तेच पाडून राह्यली मले. हँडल खराब हाये तिचं."

खरेच, आम्ही हँडल बदलले होते, चाक सरळ करून आणले होते, टायरही नवे घातले होते. आजारी होता माणूस आणि इलाज चालला होता सायकलीवर. आठवले की अजून हसू येते आणि वाईटही वाटते.

साडभाऊ बांधावरच बसले. "साध्या कंपवाताचा पेशंट लई दिवस सायकल चालवते, दादा. तोल आधी गेला म्हणजे हे दुसरं भावंड दिसते. मेंदूचा फोटो काढून पाहू. पण गोळीनं हे फारसं आवरत नाई."

"मंग माह्यं चालणं बंद होईन का?"

"आज चालजो ना. फक्त एकटा नोको चालू. मी येत जाईन."

फोटोतही तेच निघाले. तेव्हापासून दर रविवारी साडभाऊ पवनारला येतात आणि दादाच्या कोपराला धरून धामच्या काठाने चालतात. वांग्याचे भाव, पाणी, कुणाचे लग्न, असे काहीबाही बोलणे चालते. हा विक्षिप्त माणूस मला सख्ख्या भावाइतका जवळचा कधी झाला, कळलेच नाही.

परवा ऊन उतरत असताना मी त्यांना बाजूला घेऊन विचारले, "अजून किती दिवस चालेल हो तो?"

"मले नोका विचारू, साडभाऊ," एवढेच ते म्हणाले. दादाची चप्पल मागे वाळूत निसटून राहिली होती आणि त्याला ते कळलेही नव्हते. साडभाऊंनी ती उचलली, झटकली आणि खाली बसून हलकेच त्याच्या पायात घातली.