गोकुळदास पायलटची हत्यारं

गोकुळदास पायलट विमानाचा नव्हे. आमच्या गोव्यात मोटरसायकलच्या मागच्या सीटवर भाडं बसवून पोचवणाऱ्याला पायलट म्हणतात. डिचोलीच्या स्टँडवर पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन तो बावीस वर्षं उभा आहे. गाडी कधी गॅरेजला दिली नाही, हे ऐकवल्याशिवाय तो भाडं घेत नाही. घरी कुठली हत्यारं ठेवावीत याचा सल्ला वर फुकट. पकड घेऊ नका. पकड घरात आली की माणूस तिनेच नट आवळतो, कोपरे झिजतात, आणि मग तो नट सरकारी कारकुनासारखा कुणालाच दाद देत नाही. हातोडी घ्या, पण शेजाऱ्याकडे ठेवा. मागायला जाईपर्यंत राग उतरतो. रिंग पाना मात्र स्वतःचा हवा. उसना आणलात तर पान्याचा मालक मागोमाग सल्ला द्यायला येतो.

गेल्या खंडेनवमीला त्याने ब्रेक बदलायला मागचं चाक उघडलं होतं. त्याची बायको सुमंगला हत्यारं पूजेला मागत होती. त्यांच्या घरात नवमीला हत्यारं धुऊन, हळद-कुंकू लावून पाटावर मांडली की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत कुणी हात लावत नाही. तिने तीनदा हाक मारली. गोकुळदासने घाईघाईने चाक बसवलं, नट बोटांनी फिरवला आणि पाना देऊन टाकला. दसऱ्यापर्यंत तो भाडं घेणार नव्हता, गाडी हलणारच नव्हती. नट सैल आहे हे त्याने कुणाला सांगितलं मात्र नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी त्याच्याकडे गेले. पायलटांना उन्हापावसात उभं राहायला साधी शेड नाही, त्या अर्जावर त्याची सही हवी होती. तो दारापुढच्या बाल्कांवात चहा पीत बसला होता. गाडी दिसत नाही, असं मी सहज म्हटलं. सुमंगलाने आतून सांगितलं, झेंडूची फुलं कमी पडली म्हणून गौरवी गाडी घेऊन मये गावाला गेली. गौरवी त्यांची एकुलती एक मुलगी.

गोकुळदास उठला. कप हातातच होता.

"बाये, स्कूटर काड. फाटल्या चाकाचो नट हातान आवळिल्लो आसा."

मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पण मागच्या चाकाचा नट पान्याने आवळलेलाच नाही, एवढं कळलं. मयेच्या वाटेवरचा उतार, वळणं आणि ट्रक डोळ्यांसमोर आले. बावीस वर्षं लोकांना मागे बसवणारा माणूस माझ्या स्कूटरवर मागे बसला होता आणि खांद्यावरून रस्ता वाचत होता. काही चमकलं की माझा खांदा दाबायचा. एकदा बाटलीचं बूच निघालं. दुसऱ्यांदा खराच नट. त्याने तो उचलला, बोटांत फिरवला. "आमचो न्हय," म्हणाला, पण टाकला नाही, खिशात घातला. 

पुढच्या वळणावर माणसं घोळका करून उभी होती. त्याने कपाळ माझ्या पाठीला टेकलं.

"तूं पळय."

मी पाहिलं. ट्रकला हार घालत होते, कुणीतरी नारळ फोडत होता. सांगितलं, तरी त्याने डोकं लवकर उचललं नाही.

मयेच्या तळ्याच्या अलीकडे गौरवी मोरीच्या कठड्यावर बसली होती. गाडी शेजारी स्टँडवर लावलेली, फुलांची पिशवी सीटवर. गोकुळदासने आधी तिचे पाय पाहिले, मग हात, मग तोंड. गाडी मागून हलायला लागली म्हणून ती उतरली होती. नट शेवटच्या आट्यावर लोंबत होता.

"पप्पा, हें चाक कोणें बसयलें?"

तो चाकाशी उकिडवा बसला. मी ट्रकवाल्यांकडे पाना मागायला निघाले. त्यांचीही हत्यारं पूजेत होती. दुपारनंतर या, म्हणाले. माझं डोकं फिरलं, मी भांडायलाच लागले होते. गोकुळदासने मला मागे ओढलं. पाना मिळाला तरी तो आवळणार नव्हता. त्याने हात पुढे करून दाखवले. "आज ह्या हातांचेर म्हजो भरवसो ना."

नट बोटांनीच पुन्हा बसवून बापलेकीने गाडी ढकलत डिचोलीपर्यंत आणली. मी स्कूटर हळूहळू मागे ठेवली. स्टँडवर पायलट आपापल्या गाड्यांना हार बांधत होते. कृष्णनाथ पायलट ओरडला, पेट्रोल संपलं की गाडी पेन्शनीत निघाली?

पेट्रोल म्हणून सुटता आलं असतं. गोकुळदासने गाडी स्टँडला लावली, लेकीकडे हात केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नट हातान आवळून हांवें धुवेक रस्त्यार सोडली."

कुणी हसलं नाही. कृष्णनाथ हातातला हार ठेवून वाकला आणि आपल्या गाडीचा मागचा नट चाचपू लागला.