माझ्या डोक्यावरची शपथ

आमच्या पांढुर्ण्यात पिणाऱ्या माणसाला सुधारायची एक रीत आहे. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून त्याला शपथ घ्यायला लावतात. माझं डोकं बाबांसाठी तीनदा असं वापरलं गेलं.

तिन्हीदा शपथ मोडली. दुसऱ्या वेळी मला टायफॉइड झाला. मामा बाबांना म्हणाले, "पोट्टी मेली असती तुमच्यापायी." तेव्हापासून बाबा लपून पिऊ लागले, आणि जास्तच. मी घरातली पहिली कॉलेजात जाणारी. तरी तो ताप शपथ मोडल्यानेच आला, असं मीही बरीच वर्षं मानलं. लिहिताना लाज वाटते.

यंदा मीच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. समुपदेशक ताईंनी देव, पाप काहीच काढलं नाही. एवढंच विचारलं, "काका, पहिला घोट किती वाजता घेता?"

बाबा विचारात पडले. "पाच वाजता. संत्र्याचा ट्रक भरून झाला का. सकाळपासून पोटात काई नसते ना."

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणीच विचारलं नव्हतं! मग त्यांच्यापुरता उपाय ठरला. साडेचारला मी संत्र्याच्या मंडीत, त्यांच्या कामावर डबा न्यायचा, त्यांनी जेवायचं, आणि दारूच्या ठेक्याचा रस्ता सोडून आम्ही सोबत घरी यायचं.

दोन महिने जमलं. मग माझा पेपर आला, डबा गेला नाही, बाबा पिऊन आले. पण या वेळी लपवलं नाही, दारातच सांगितलं. आईने मामांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते हजर.

"गोळ्यांनं का होते? ये व पोट्टे, बस बापासमोर. घ्या शपथ, भाऊजी."

बाबांचा हात वर आला. मी मागे सरकले.

"माझं डोकं नाही भेटणार, मामा."

"काऊन? बापाची काळजी नाही का तुले?"

मामांसमोर मी कधी बोलले नव्हते. "आजारी माणसाच्या हातात तुम्ही लेकराचं मरण देता, अन् वरून त्यालाच पापी म्हणता. टायफॉइड खराब पाण्यानं झाला होता मले. बाबा मात्र त्याच्यापायी तोंड लपवून पीत राहिले."

मामा चहा न घेताच निघून गेले. आई माझ्याशी बोलेना. बाबांनी हात मांडीवर ठेवला.

मग म्हणाले, "उद्या पेपर हाय का तुहा?"

"आहे."

"मंग डबा सकाळीच भरून दे. मी सोबत घेऊन जातो."